लेडी मेरी माँटेग्यू आणि देवीची टोचणी

भगिनींनो, लस म्हटली की आपल्याला जेन्नरसाहेब आठवतात. गाय, गवळण आणि १७९६ साली टोचलेला तो आठ वर्षांचा मुलगा, ही गोष्ट आपण सर्वजणींनी शाळेच्या क्रमिक पुस्तकात वाचली आहे. परंतु जेन्नरसाहेबांच्या आधी पुरी पाऊणशे वर्षे, लंडन शहरात एका आईने आपल्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची टोचणी करवून घेतली आणि साऱ्या शहराचा रोष ओढवून घेतला. ती ना डॉक्टर होती, ना कोणत्या विद्यापीठात शिकली होती. त्या काळी बायकांना तेथे दारही उघडे नव्हते. तिचे नाव लेडी मेरी वर्टली माँटेग्यू. आपण तिला मेरीबाई म्हणू.

आपल्या मंडळातील ज्या भगिनींनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांच्या दंडावर देवी काढल्याचे वण आहेत. तरुण सुनांच्या दंडावर तो वण नाही. असलाच तर क्षयाच्या लशीचा, म्हणजे बी. सी. जी.चा आहे. देवीचा रोग त्यांनी पाहिलाच नाही. भारतातील शेवटचा रोगी १९७५ साली आढळला आणि १९८० साली सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. म्हणून तो रोग काय होता हे थोडे सांगितले पाहिजे. तापाने फणफणून अंगभर पुळ्या यावयाच्या, त्या पिकावयाच्या, सहा-सात रोग्यांतला एक दगावायचा. जो वाचेल त्याच्या चेहऱ्याची चाळण व्हावयाची, कित्येकांचे डोळे जावयाचे. आपल्याकडे घरात कोणाला देवी आल्या म्हणजे कडुलिंबाचा पाला दारी टांगीत, फोडणी बंद करीत, आणि शीतलामाईला हात जोडीत. रोगाचे नाव घ्यावयाचीही भीती, म्हणून त्याला देवीच म्हणावयाचे. विलायतेतही भीती काही कमी नव्हती. तेथे देवी येऊन गेल्याखेरीज पोर आपले म्हणता येत नसे.

मेरीबाईंचा जन्म १६८९ सालचा. वडील मोठे सरदार, पुढे ड्यूक झाले. आई लहानपणीच गेली. वडिलांचा ग्रंथसंग्रह प्रचंड होता. सरदारघराण्यातील मुलीने नाच, शिवण आणि पाहुण्यांना वाढणे एवढे शिकावे अशी अपेक्षा असताना ही मुलगी त्या ग्रंथालयात बसून शब्दकोशाच्या आधाराने लॅटिन शिकली, आणि तेही चोरून. वडिलांनी श्रीमंत स्थळ ठरविले. तिला ते मान्य नव्हते. १७१२ साली तिने एडवर्ड वर्टली माँटेग्यू या गृहस्थाशी पळून जाऊन लग्न केले. लग्न काही सुखाचे झाले नाही, हे येथेच सांगून टाकते. माणूस विद्वान पण कोरडा. तरी पुढे जे घडले ते त्या लग्नामुळेच घडले.

लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिचा एकुलता भाऊ देवीने गेला. ऐन विशीतला मुलगा. मागे बायको आणि दोन चिमुकली मुले. त्यानंतर दोन वर्षांनी, १७१५च्या डिसेंबरात, ती स्वतः आजारी पडली. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती, आणि तिच्या रूपाची दरबारात वाहवा होत असे. ती वाचली, पण चेहऱ्यावर खड्डे पडले आणि पापण्यांचे केस गेले ते कायमचे. पापण्यांवाचून तिची नजर उगीचच रोखलेली, रागीट वाटे. पुढे तिच्याविषयी जी निंदा लिहिली गेली तीत या नजरेचाही उल्लेख येतो. रोगाने दिलेले व्यंग स्वभावाच्या माथी मारण्याची ही चाल सगळीकडे सारखीच.

१७१६ साली पतीची नेमणूक तुर्कस्तानच्या सुलतानाच्या दरबारी वकील म्हणून झाली. इतर वकिलांच्या बायका घरी राहत. मेरीबाई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन निघाल्या. हिवाळ्यातून, बर्फातून, लढाईने उद्ध्वस्त झालेल्या मुलखातून तो प्रवास झाला. तेथे पोचल्यावर त्यांनी तुर्की पेहराव केला, भाषा शिकण्याचा प्रयत्न केला, जनानखान्यात आणि स्त्रियांच्या स्नानगृहात मोकळेपणाने वावरल्या. पुरुष प्रवाशांना जेथे पाऊल टाकता येत नव्हते तेथे त्या जाऊन बसल्या. त्यांच्या ध्यानात आले की या बायकांच्या चेहऱ्यावर वण फारसे दिसत नाहीत. विलायतेतून आलेल्या, स्वतःचा चेहरा गमावलेल्या बाईच्या नजरेतून ही गोष्ट सुटणे शक्यच नव्हते.

चौकशी करता कळले ते असे. उन्हाळ्याचा ताव ओसरला, सप्टेंबर लागला, की त्या मुलखातील घरे एकमेकांकडे निरोप धाडीत की कोणाकडे देवी टोचून घ्यावयाच्या आहेत काय. पंधरा-सोळा जणांचा मेळ जमे. आपण उन्हाळ्यात पापड-कुरडयांसाठी एकमेकींच्या अंगणात जमतो ना, तसाच काहीसा तो बेत. मग एखादी अनुभवी म्हातारी येई. तिच्याजवळ अक्रोडाच्या कवचीत सौम्य देवी आलेल्या रोग्याच्या पुळीतला पू असे. मोठ्या सुईने कातडीला ओरखडा काढून सुईच्या टोकावर मावेल एवढाच तो आत घालावयाचा आणि वर रिकामी कवची बांधून टाकावयाची. आठवडाभर मुले खेळत असत. मग ताप येई, दोन-तीन दिवस अंथरूण, थोड्या पुळ्या, आणि संपले. पुन्हा जन्मात देवी येत नसत.

ही विद्या म्हाताऱ्या बायकांची. चीनमध्ये ती निराळ्या रीतीने चाले. आपल्या बंगाल्यातही टिकादार गावोगाव फिरून मुलांना टोचीत, त्यांची वर्णने इंग्रजांनीच अठराव्या शतकात लिहून ठेवली आहेत. आफ्रिकेतही ती होती. अमेरिकेतील बोस्टन शहरात १७२१ साली टोचणी सुरू झाली ती ओनेसिमस नावाच्या एका आफ्रिकी गुलामाने आपल्या धन्याला सांगितलेल्या माहितीवरून. तेव्हा मेरीबाईंनी काही शोध लावला असे कोणी म्हणू नये. खरी गंमत पुढेच आहे. इस्तंबूलच्या टोचणीचे सविस्तर वृत्त लंडनच्या रॉयल सोसायटीत १७१४ साली, आणि पुन्हा १७१६ साली, छापून आले होते. विद्वान मंडळींनी वाचले, नवल केले आणि बाजूला ठेवले. कोणी आपल्या पोराला पुढे केले नाही.

मेरीबाईंनी १७१७च्या एप्रिलमध्ये सेरा चिझवेल या बालमैत्रिणीला पत्र लिहून ही सर्व हकीकत कळविली आणि ही चाल आपण मायदेशी नेणार असा निर्धारही सांगितला. डॉक्टरांच्या मिळकतीवर गदा येणार असल्याने त्यांच्याशी झगडा करावा लागेल, हेही त्यांनी आधीच ओळखले होते. निर्धार पत्रात करणे सोपे असते. त्यांनी वर्ष उलटायच्या आत तो घरात अमलात आणला. १७१८च्या मार्चमध्ये, पती दूर वजिराच्या छावणीत असताना, त्यांनी पाच वर्षांच्या आतबाहेरच्या आपल्या एडवर्डला टोचून घेतले. एक वृद्ध ग्रीक बाई बोलावली होती. तिचा हात थरथरत होता, सुई गंजलेली होती, पोर कळवळले; म्हणून दुसऱ्या हाताला वकिलातीतील शस्त्रवैद्य चार्ल्स मेटलंड यांनी आपल्या हत्याराने टोचले. वकिलातीतला पाद्री या प्रकाराच्या विरुद्ध होता. पतीला कळविले ते सगळे झाल्यावर. मुलगा बरा झाला.

दोन महिन्यांची तान्ही मुलगीही होती. तिला मात्र टोचले नाही, कारण तिच्या दाईला देवी आलेल्या नव्हत्या. टोचलेल्या मुलापासून दाईला खरा रोग लागला असता. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण जुन्या टोचणीचे सारे दुखणे तीत आहे. आजच्या लशीसारखी ती निर्धोक नव्हती. ज्याला टोचले तो वाचे, पण तो काही दिवस रोग पसरवू शके.

१७१८ अखेर मंडळी लंडनला परतली. दोन-अडीच वर्षे काही घडले नाही. १७२१च्या वसंतात शहरात देवीची मोठी साथ आली. ओळखीच्या घराघरांतून मृत्यूच्या वार्ता येऊ लागल्या. मेरीबाईंनी मेटलंडना बोलावणे पाठविले आणि मुलीला टोचावयास सांगितले. मेटलंड घाबरले. इस्तंबूलमध्ये एक गोष्ट. येथे राजधानीत, सर्व वैद्यांच्या डोळ्यांदेखत, काही बरेवाईट झाले तर? त्यांनी साक्षीदार मागितले. दरबारचे डॉक्टर रोज येऊन मुलीला पाहू लागले. नातीने पुढे लिहून ठेविले आहे की, डॉक्टरांचा रोख इतका वैरभावाचा होता की मेरीबाई मुलीला त्यांच्याबरोबर क्षणभरही एकटी सोडीत नसत. मुलीला थोड्या पुळ्या आल्या आणि ती उठून खेळू लागली. पाहावयास आलेल्यांत जेम्स कीथ नावाचे एक डॉक्टर होते. त्यांची मुले देवीने गेली होती, एकच उरला होता. त्यांनी घरी जाऊन त्याला टोचून घेतले. मला विचाराल तर या साऱ्या चरित्रातला हा खरा विजयाचा क्षण. राजवाडा नंतर आला.

राजवाड्याची हकीकत थोडक्यात सांगते, कारण ती मला फारशी आवडत नाही. युवराज्ञी कॅरोलाइन हिची थोरली मुलगी देवीतून कशीबशी वाचली होती, तेव्हा धाकट्यांना टोचावे असे तिच्या मनात आले. पण राजकन्यांवर प्रयोग कसा करावा? म्हणून १७२१च्या ऑगस्टमध्ये न्यूगेट तुरुंगातील फाशीच्या सहा कैद्यांना सुटकेच्या बोलीवर टोचले. सहाही जगले व सुटले. त्यांतील एका तरुण मुलीला साथीच्या गावी पाठवून देवीच्या रोग्यांची शुश्रूषा करावयास लावले. तिला काही झाले नाही. त्यानंतर अनाथ मुलांना टोचून पाहिले. मग १७२२च्या एप्रिलमध्ये दोन राजकन्यांची पाळी आली. ज्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती त्यांच्यावर आधी प्रयोग, हा क्रम पाहून आजही मन अस्वस्थ होते. मेरीबाईंनी निदान सुरुवात आपल्या पोटच्या पोरापासून केली.

राजकन्या निभावल्या, पण त्याच महिन्यात अर्ल ऑफ संडरलंड यांचा लहानगा मुलगा टोचणीनंतर दगावला. पाठोपाठ एका सरदाराच्या घरचा तरुण नोकर गेला. झाले, वर्तमानपत्रे आणि चोपडी पेटून उठली. चर्चमधून प्रवचने झाली की रोग ही ईश्वरी शिक्षा आहे आणि तीत हात घालणे पाप आहे. एका नामवंत डॉक्टराने लिहिले की अडाणी परदेशी बायांचा हा खेळ शहाण्या राष्ट्राने उचलणे लाजिरवाणे आहे. मेरीबाई रस्त्याने जाताना लोक त्यांना हिणवीत. पोटच्या मुलांच्या जिवाशी खेळणारी आई असे म्हणत. त्यांच्या नातीच्या सांगण्यावरून, त्या चार-पाच वर्षांत आपण हे कशाला अंगावर घेतले असे वाटल्यावाचून बाईंचा क्वचितच एखादा दिवस गेला असेल. तरी सकाळ झाली की त्या निघत. ज्या घरी मुलांना टोचले असेल तेथे मुलीला बरोबर घेऊन जावयाच्या, रोग्याच्या खोलीत बसावयाच्या. टोचलेली मुलगी हीच त्यांची साक्ष होती.

यात त्या दगावलेल्या मुलाच्या आईचे काय? तिला अडाणी म्हणून मोकळे होता येत नाही. आकडा खराच होता. रॉयल सोसायटीचे चिटणीस जेम्स ज्युरिन यांनी गावोगावच्या डॉक्टरांना पत्रे धाडून प्रत्येक टोचणीचा हिशेब मागविला. १७२१ ते १७२८ या आठ वर्षांत इंग्लंडात ८९७ जणांना टोचले, त्यांतील १७ गेले. म्हणजे पन्नासांत एक. आपोआप आलेल्या देवीत सहा-सातांत एक जाई. पन्नासांत एक हा धोका आजच्या कोणत्याही आईने पत्करला नसता, आणि पत्करावा असे मी म्हणणार नाही. पण समोर दुसरा धोका सात-आठपट उभा होता. टोचणे की न टोचणे, यांत धोका नाही असा रस्ताच त्या आईसमोर नव्हता. ज्युरिन यांनी उपदेश न करता नुसते दोन आकडे शेजारी-शेजारी मांडले, आणि त्या दोन आकड्यांनी प्रवचनांपेक्षा अधिक काम केले.

दुसरी बाजूही त्याच हिशेबात दिसते. ८९७! सारे इंग्लंड, आठ वर्षे, आणि हजार माणसेही नाहीत. टोचणी श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच राहिली. डॉक्टरांनी तीत आपली पदरची भर घातली: आठवडेच्या आठवडे रक्त काढणे, जुलाब, उपास. म्हातारीच्या सुईला जे काम एका सकाळी होई त्याला महिना आणि भरपूर फी लागू लागली. मेरीबाईंना याचा संताप आला आणि १७२२ साली त्यांनी तुर्की व्यापारी असे टोपण नाव घेऊन वर्तमानपत्रात लेख लिहिला, की मुले मरत आहेत ती टोचणीने नव्हे, तर डॉक्टरांच्या या तयारीने आणि खोल चिरांनी. बाईच्या नावाने लेख कोणी वाचला नसता. पुढे १७५७ साली आठ वर्षांच्या एका अनाथ मुलाला अशीच तयारी करून, उपाशी ठेवून, तबेल्यात बांधल्यासारखे कोंडून टोचण्यात आले. तो एडवर्ड जेन्नर. त्या छळाचा त्याला जन्मभर विसर पडला नाही.

शिवाय गावात चार श्रीमंत घरांची मुले टोचली आणि बाकीची तशीच राहिली, तर टोचलेल्यांकडून बाकीच्यांत रोग शिरे. म्हणून मेरीबाईंच्या मृत्यूनंतर, १७६० नंतरच्या काळात, इंग्लंडातील खेडी शहाणी झाली. साथ जवळ आली की गावसभा भरवून, गरिबांचा खर्च गावनिधीतून करून, सगळ्यांना एकदम टोचावयाचे. कोणी राहावयाचे नाही. इस्तंबूलच्या म्हाताऱ्यांच्या त्या पंधरा-सोळा जणांच्या मेळाव्यात हेच शहाणपण होते, ते विलायतेस पोचावयास चाळीस वर्षे लागली.

आजच्या लशी रोग पसरवीत नाहीत, पण गावाचा हिशेब मात्र सुटलेला नाही. गोवराचेच पाहा. गोवर इतका झपाट्याने पसरतो की शंभरांतील पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या तरच तो वस्तीत मूळ धरीत नाही. पाच-सात घरे राहिली तर बिघडले कुठे, असे तेथे म्हणता येत नाही. ती घरे बहुधा एकाच गल्लीत असतात. २०२२ साली मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली व बालके दगावली. त्यांत लस अपुरी झालेली किंवा न झालेली मुले पुष्कळ होती. आपल्या वस्तीत घरोघर फिरताना ज्या आया भेटतात त्यांतील फारच थोड्या लशीच्या विरुद्ध असतात. पहिल्या टोचणीला मुलाला ताप आला, सासूबाई रागावल्या, दुसरी राहिली. बाळंतपणाला माहेरी गेली, कार्ड तेथेच राहिले. नऊ महिन्यांची मात्रा झाली, सोळा महिन्यांनंतरची विसरली. अशा घरी अंगणवाडीच्या ताई एकदा जातात, आशाताई दुसऱ्यांदा जातात. तिसऱ्यांदा शेजारणीने जावे लागते, आपले पोर कडेवर घेऊन.

मेरीबाईंच्या उरलेल्या आयुष्याबद्दल फार लिहीत नाही. सेरा चिझवेल, जिला ते पत्र लिहिले होते, ती १७२६ साली देवीनेच गेली. सर्व माहीत असूनही तिने टोचून घेतले नव्हते. ही गोष्ट चरित्रकार एका ओळीत उरकतात. मला ती वाचून बराच वेळ पुढे जाता आले नाही. मुलगा एडवर्ड वाया गेला. शाळेतून पळाला तेव्हा त्याला शोधण्यासाठी जी जाहिरात दिली तीत खूण म्हणून दोन्ही हातांवरचे टोचणीचे वण सांगितले होते. पोप हा थोर कवी आधी मित्र होता, मग त्याने बाईंची छापील विटंबना केली. १७३९ साली त्या एकट्याच इटलीकडे निघून गेल्या आणि वीस-बावीस वर्षे परतल्या नाहीत. मुलीचे मात्र बरे झाले. तीच ती लंडनात टोचलेली मेरी. तिचा पती १७६२ साली इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला. त्याच वर्षी मेरीबाई मायदेशी आल्या आणि ऑगस्टमध्ये कर्करोगाने वारल्या. पुढल्या वर्षी त्यांची तुर्कस्तानची पत्रे छापून आली. रोजनिशी मुलीने आईची बदनामी नको म्हणून जाळली.

लिचफील्डच्या मोठ्या चर्चमध्ये १७८९ साली हेन्रिएटा इंज या बाईने त्यांच्या स्मरणार्थ शिळा बसविली. बाईंच्या उपकाराने आपण वाचलो ही तिची भावना होती. सात वर्षांनी जेन्नरने गोदेवीची लस आणली आणि जुनी टोचणी मागे पडली. ती नवी लस हिंदुस्थानात पोचविण्याचे प्रयत्न झाले ते व्हिएन्नाहून इस्तंबूल, इस्तंबूलहून बगदाद आणि बसरा या वाटेने, मुलांच्या हातावरून हातावर. बसऱ्याहून ती जहाजाने मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली. ती हिंदुस्थानातील पहिली लस. आठव्या दिवशी तिच्या हातावरच्या पुळीतून मुंबईतील आणखी मुलांना टोचले, आणि तेथून ती पुण्याकडे, सुरतेकडे, मद्रासेकडे निघाली.